जागं ठेवणारी गोळी आणि आम्ही

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. आमच्यापैकी एक जण घोरतो आणि दुसरी ते ऐकते, एवढी ओळख पुरे. नावं न देताही हॅरो-केंटन भागातली निम्मी मंडळी आम्हांला ओळखतील. २०२२ सालच्या गणेशोत्सवात नाट्यसंगीताचा कार्यक्रम ऐन रंगात आला होता. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मान टाकून झोपले आणि असे घोरू लागले की तबलजींनाही हसू आवरेना. ते गृहस्थ आमच्यातलेच. मध्यंतरात बटाटेवडे खाताना लोकांनी यथेच्छ चेष्टा केली. "कुंभकर्ण प्रसन्न झाले" वगैरे. आम्हीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?

झोप हा आपल्याकडे चेष्टेचाच विषय. त्यातून दुपारच्या वामकुक्षीला तर आपण संस्कृतीचा दर्जा दिलेला. जेवणानंतर डोळा लागणं हे सुखवस्तूपणाचं लक्षण, आणि घोरणं म्हणजे गाढ झोपेचा पुरावा, असंच आम्ही दोघंही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून बेकर स्ट्रीटला मेट्रोपॉलिटन लाइनमध्ये बसलेला माणूस हॅरो-ऑन-द-हिलला उतरायचं सोडून ॲमरशॅमला जागा झाला, तेव्हा पहिल्यांदा घरात हशा पिकला. दुसऱ्यांदाही पिकला. तिसऱ्यांदा रात्री साडेअकराला अक्सब्रिजहून फोन आला, तेव्हा मात्र ऐकणारीच्या पोटात गोळा आला. त्यानंतर पंधरा दिवसांनी केंटन रोडवर लाल सिग्नलला गाडी उभी असताना घोरणाऱ्याचा डोळा लागला, ब्रेकवरचा पाय सैल पडला आणि गाडी हळूच पुढच्या व्हॅनला जाऊन टेकली. कुणाला इजा झाली नाही. व्हॅनवाला भला होता, "दमलेला दिसतोस" म्हणून निघून गेला. घरी येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

इथे कुणीही म्हणेल, मग डॉक्टरकडे गेलात ना? नाही गेलो. तेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

झालं असं, की त्याच दिवाळीत पुण्याहून आमचा भाचा कामानिमित्त आठ दिवसांसाठी आला. हिंजवडीत एका अमेरिकन कंपनीसाठी रात्रपाळी करणारा, हुशार, कामसू मुलगा. त्याच्या बॅगेतून भाजणी निघाली, मेतकूट निघालं, लक्ष्मीनारायण चिवडा निघाला आणि मामाची कहाणी ऐकल्यावर गोळ्यांच्या दोन पट्ट्या निघाल्या. "मामा, आमच्या टीममध्ये निम्मे जण घेतात. सकाळी एक टाक आणि बघ." ही मोडॅफिनिल. आपल्याकडे ती मोडॅलर्ट या नावाने मिळते, इथे प्रोव्हिजिल या नावानेही. पट्टीत दहा, दोन पट्ट्या म्हणजे वीस. खोकं नाही, आतला माहितीचा कागद नाही. बॅगेत जागा होत नव्हती म्हणून भाच्याने तो पुण्यातच काढून टाकला होता.

खरं सांगायचं तर पहिले चार दिवस स्वर्ग होता. २०० मिलिग्रॅमची एक गोळी चहाबरोबर घेतली, की नऊ वाजेपर्यंत डोळ्यांवरची झापड जणू कुणी ओल्या फडक्याने पुसून काढावी तशी निघून जाई. वर्षभराच्या राहिलेल्या फायली निपटल्या. घरातल्या गळक्या नळाचं वायसर बदललं. ऐकणारी म्हणाली, "पंचवीस वर्षांपूर्वीचा माणूस परत आला." पाचव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. सहाव्या दिवशी सकाळची गोळी राहून गेली म्हणून ती दुपारी एक वाजता घेतली, आणि रात्री तीनला आम्ही दोघंही स्वयंपाकघरात बसून होतो. एक जण छातीत धडधडतंय म्हणून आणि दुसरी ते बघवत नाही म्हणून.

नंतर याचं गणित कळलं, ते इथेच सांगून टाकतो. ही गोळी अंगात गेली, की तिचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पंधरा तास लागतात. सकाळी आठला घेतलेली गोळी रात्री अकराला निम्मी शिल्लक असते. दुपारी एकला घेतली तर पहाटे चारला. म्हणूनच डॉक्टर ती सकाळी घ्यायला सांगतात, किंवा काहींना दोन भागांत, सकाळी आणि दुपारी बाराच्या सुमाराला, त्यापुढे नाही. राहून गेली तर राहू द्यायची, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीचीच घ्यायची, दोन एकदम नाहीत. वर आपला चहा आहेच. आमच्याकडे दिवसाचे सहा कप होतात. चहाकॉफीतलं कॅफीनही जागंच ठेवतं आणि धडधडही वाढवतं, त्यामुळे दोन्हींची बेरीज होते. हे कुणी सांगायला हवं होतं, पण सांगणारा कागद पुण्याच्या कचऱ्यात गेला होता.

गोष्ट इथेच थांबली असती तर आम्ही ती गुपचूप गिळून टाकली असती. पण तिला पाय फुटले. आमची सून एका वकिलांच्या कचेरीत उमेदवारी करत होती, रात्री बारा बारापर्यंत काम. त्या आठवड्यात ती फारच दमलेली, उतरलेली दिसायची. रविवारी मुलगा-सून जेवायला आले, तेव्हा सासऱ्यांनी मोठ्या प्रेमाने ड्रॉवरमधली पट्टी काढून तिच्यापुढे धरली. "घे, उद्या सकाळी एक घे. बघ कशी ताजीतवानी होतेस."

सून नागपूरची. मोठ्यांना नाही म्हणायची तिची एक पद्धत आहे, ती प्रश्न विचारते. "बाबा, याचं खोकं कुठे आहे? आत कागद असतो ना?" खोकं नाही म्हटल्यावर तिने पट्टी पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "उद्या विचारून घेते." सोमवारी ती आमच्या कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेली, ऐकणारी बरोबर होती. तिथल्या फार्मसिस्ट बाई गुजराती, केनियात वाढलेल्या, बोलायला गोड पण नजर करडी. त्यांनी पट्टी उलटसुलट पाहिली आणि आम्हांला बाजूच्या छोट्या खोलीत बसवलं. पहिला प्रश्न: ही कुणी लिहून दिली? दुसरा: आणखी काय काय औषधं चालू आहेत? तिसरा प्रश्न त्यांनी सुनेकडे बघून हळू आवाजात विचारला: दिवस गेले आहेत का, किंवा जाण्याची शक्यता आहे का?

सून गप्प. मग तिने सासूकडे पाहिलं. आणि अशा रीतीने, मंडळी, आम्ही आजीआजोबा होणार ही बातमी आम्हांला औषधाच्या दुकानात कळली. दोघींना रडू फुटलं, बाईंनी टिश्यूंचा डबा पुढे केला.

तिने गोळी घेतली नव्हती. ती घेतली असती तर काय, हा विचार आम्ही फार वेळ करत नाही. पण वाचकांना, विशेषतः लेकीसुनांच्या आयांना, हे स्पष्ट सांगायला हवं. इथल्या औषध नियंत्रण खात्याने नोव्हेंबर २०२० मध्ये डॉक्टरांना आणि फार्मसिस्टांना सूचना दिली, की गरोदरपणात मोडॅफिनिल घेतल्यास बाळात जन्मजात व्यंग असण्याचा धोका वाढू शकतो, म्हणून गरोदर स्त्रीने किंवा मूल हवं असणाऱ्या स्त्रीने ती घेऊ नये. दुसरी गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. ही गोळी संततिनियमनाच्या हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी करते. म्हणजे जी मुलगी स्वतःला सुरक्षित समजते, ती तशी नसते. म्हणून मोडॅफिनिल चालू असताना आणि बंद केल्यावर पुढचे दोन महिने दुसरा खात्रीचा उपाय वापरावा लागतो. हा विषय आपल्या घरांत बोलला जात नाही हे आम्हांला ठाऊक आहे. आमच्याकडेही बोलला जात नव्हता.

जुनी मंडळी थॅलिडोमाइड विसरलेली नसतील. तेही मुळात झोपेचंच औषध. ब्रिटनमध्ये १९५८ पासून १९६१ च्या अखेरीपर्यंत डिस्टाव्हल या नावाने विकलं जात होतं, आणि सकाळच्या मळमळीसाठी गरोदर बायकांनी विश्वासाने घेतलं. पुढे काय झालं ते साऱ्या जगाने पाहिलं. त्या धड्यातूनच १९६४ साली इथे यलो कार्ड योजना सुरू झाली. औषधाचा काही त्रास झाला तर तो कळवण्याची ही सोय फक्त डॉक्टरांसाठी नाही, तुमच्याआमच्यासाठीही आहे. घोरणाऱ्याच्या धडधडीची नोंद फार्मसिस्ट बाईंनी आमच्याकडूनच करवून घेतली. गोळी चिठ्ठीशिवाय घेतली हे लिहायची लाज वाटत होती. त्या म्हणाल्या, इथे शिक्षा होत नाही, नोंद होते.

त्याच दिवशी घोरणाऱ्यालाही त्यांच्यापुढे हजर करण्यात आलं. रक्तदाब १६८ वर १०२. याची रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू होती, आणि आटोक्यात नसलेल्या रक्तदाबात मोडॅफिनिल देतच नाहीत. हृदयाचे ठोके अनियमित असतील तरीही नाही. कुणाला ही गोळी सुरू करायची तर आधी रक्तदाब बघतात, हृदयाचा आलेख काढतात, पुढेही अधूनमधून तपासत राहतात. वय जास्त असेल तर निम्म्या मात्रेने, १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. रक्त पातळ करणारी वॉरफरिन, फिट्सवरची फेनिटॉइन, अशा काही औषधांशी तिचं जमत नाही, तिथे मात्रा आणि रक्ताच्या तपासण्या सांभाळाव्या लागतात. अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले, चेहरा किंवा घसा सुजला, छातीत दुखलं, भास होऊ लागले, किंवा माणूस एकाएकी भलताच उल्हसित वा भलताच खिन्न झाला, जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलू लागला, तर गोळी तिथल्या तिथे थांबवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. साधी डोकेदुखी मात्र बऱ्याच जणांना सुरुवातीला होते.

आणि एक गोष्ट ऐकून तर आम्ही थक्क झालो. आमच्या घोरणाऱ्याच्या दुखण्यावर ही गोळी द्यायला युरोपातल्या नियामक संस्थेने केव्हाच मनाई केली होती. त्या संस्थेचं कार्यालय तेव्हा इथेच, लंडनमध्ये होतं. २०१० साली तिने सगळा पुरावा तपासला, कातडीचे आणि मनाचे गंभीर विकार पाहिले, आणि ठरवलं की मोडॅफिनिल फक्त नार्कोलेप्सी या एका रोगासाठीच ठेवावी. घोरण्यातून येणारी झोप, रात्रपाळीची झोप, हे दोन्ही यादीतून गेले. २०११ पासून तोच नियम इथे चालत आला आहे. भाच्याची रात्रपाळी आणि मामाचं घोरणं, दोन्ही बाद!

तर घोरणं. जीपींनी पहिल्याच भेटीत एक कागद पुढे केला. त्याला एपवर्थ स्केल म्हणतात, मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधल्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला. आठ प्रसंग दिलेले असतात: वाचताना, टीव्ही बघताना, सार्वजनिक ठिकाणी नुसतं बसलं असताना (मंडळाचा कार्यक्रम याच सदरात मोडतो), तासभर गाडीत शेजारी बसून प्रवास करताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलत बसलं असताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, आणि गाडी रहदारीत दोन मिनिटं थांबली असताना. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन. बेरीज दहाच्या वर गेली की झोप प्रमाणाबाहेर आहे असं समजतात. घोरणाऱ्याने स्वतःला नऊ गुण दिले. ऐकणारीने कागद हातात घेऊन खोडाखोड केली आणि सतरा केले. जीपींनी सतरा धरले. तेव्हा हा कागद भरताना घरच्या माणसाला शेजारी बसवावं, एवढं अनुभवाचं सांगतो.

मग कळलं, की थकवा वेगळा आणि झोप वेगळी. लोह कमी, बी-१२ कमी (शाकाहारी घरांत हे फार), थायरॉइड मंद, साखर वाढलेली, मन उदास, यांनीही माणूस ओढल्यासारखा होतो. त्यासाठी रक्त तपासलं. चालू औषधांची यादी मागितली आणि तिथे आणखी एक गंमत निघाली. हॅरोत मे-जून आला की घोरणाऱ्याच्या नाकाला धारा लागतात, मग तो पिरिटॉन घेतो. ही ॲलर्जीची जुनी गोळी झोप आणते. म्हणजे काही महिने हा गृहस्थ आधी झोप आणणारी गोळी घेत होता, आणि मग ती घालवण्यासाठी सहा कप चहा. काही वेदनाशामक आणि नैराश्यावरची काही औषधंही गुंगी आणतात. त्यांवर जागं ठेवणारी गोळी चढवण्यापेक्षा मूळची बदलता येते का, हे आधी पाहायचं.

शेवटी एका मोठ्या रुग्णालयाने तपासणीचं यंत्र घरी दिलं. नाव देत नाही, कारण तारीख मिळायला लागलेल्या दिवसांबद्दल तक्रार आहे. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी. तो रात्रभर लावून झोपायचं आणि सकाळी परत द्यायचं. निकाल आला: तासाला ३८ वेळा श्वास थांबत किंवा अडखळत होता. तासाला पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, तीसच्या वर म्हणजे तीव्र. घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसाला क्षणभर जागं करतो, आणि हे रात्रभर चालतं. माणसाला सकाळी वाटतं आपण आठ तास झोपलो. प्रत्यक्षात तो रात्रभर बुडत आणि वर येत असतो. ऐकणारीला हे ऐकून ओशाळल्यासारखं झालं. रात्री घोरणं मध्येच थांबलं की तिला बरं वाटायचं. चला, जरा शांतता!

हे दुखणं इथल्या लठ्ठ गोऱ्यांचं, असा आमचा समज होता. तोही खोटा. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उडवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी केली. ही माणसं कुठल्या तक्रारीने आलेली नव्हती, नेहमीच्या आरोग्यतपासणीला आलेली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १९.५ टक्के पुरुषांत झोपेत श्वासाचा बिघाड, आणि ७.५ टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसाची झोपही आढळली. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला शंभर काका आले तर त्यातले सात-आठ. वजनाची रेषाही आपल्यासाठी वेगळी आहे. इथले डॉक्टर दक्षिण आशियाई माणसाला बीएमआय २३ पासूनच जास्त वजनाचा धरतात, पंचवीसपासून नाही.

यावरचा मुख्य उपाय गोळी नाही. हवेचा दाब देणारं छोटं यंत्र आणि नाकावर मुखवटा, म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे आणला, आणि इथे २००८ पासून मध्यम व तीव्र दुखण्यासाठी एनएचएसमध्ये तो रीतसर शिफारसीचा आहे. पहिल्या रात्री घोरणारा आरशापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "गणपतीत झोपलो, त्याची शिक्षा. सोंड मिळाली." पहिले दहा दिवस वाईट गेले. नाक कोरडं, गालावर वळ, मध्यरात्री मुखवटा उशीखाली. दोनदा तर तो परत करायची भाषा झाली. मग तिथल्या नर्सने मुखवट्याचा आकार बदलून दिला, दमट हवेची सोय लावली. एप्रिल २०२३ मध्ये सुरू केलं आणि मे संपता संपता एपवर्थचा आकडा सातवर आला. ऐकणारी सुरुवातीला त्या शांततेनेच दचकून जागी व्हायची.

काही थोड्या जणांना मात्र यंत्र नीट वापरूनही झोप उरतेच. त्यांनी खचून जाऊन इंटरनेटवरून गोळ्या मागवू नयेत. पिटोलिसँट आणि सोल्रिअॅम्फेटॉल ही नवी औषधं या कारणासाठी एनएचएसमध्ये वापरण्याची शिफारस नाइस या संस्थेने मार्च २०२२ मध्ये नाकारली. अशा वेळी झोपेचे तज्ज्ञ यंत्राची नोंद उघडून बघतात (किती तास वापरलं हे यंत्र चहाडखोरासारखं लिहून ठेवतं), मुखवटा गळतोय का पाहतात, दुसरं कारण शोधतात. गोळी देण्याचा निर्णय ते घेतात आणि लक्षही तेच ठेवतात.

इतकं वाचून कुणाला वाटेल, आम्ही या गोळीचे वैरी झालो. मुळीच नाही. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलीची गोष्ट ऐका. शाळेत वर्गात झोपायची म्हणून आळशी ठरली. मैत्रिणींबरोबर खूप हसली की गुडघे लटके पडायचे, ती खाली बसायची. घरच्यांना ते नाटक वाटायचं. तिला नार्कोलेप्सी होती. हा मेंदूचा रोग आहे. फ्रान्सच्या जेलिनो या डॉक्टरने १८८० साली त्याला हे नाव दिलं, आणि त्यामागे मेंदूतल्या एका रसायनाचा अभाव असतो, हे १९९८ नंतर उलगडत गेलं. तिच्यासाठी मोडॅफिनिल म्हणजे आंधळ्याच्या हातातली काठी. अठरा पूर्ण झाल्यावर तज्ज्ञांनी ती सुरू केली. लहान मुलांना ही गोळी देऊ नये असंच सांगितलेलं आहे.

ती मुलगी गोळी कशी घेते, हे आम्ही मुद्दाम विचारून घेतलं. रोज सकाळी सातला, फोनच्या गजरावर. दुपारी एकला वीस मिनिटांची ठरवून झोप, कॉलेजने तिला त्यासाठी खोली दिली आहे. एका वहीत गोळीची वेळ, झोपेचे तास, डोकेदुखी, मूड. दर भेटीला रक्तदाब. गोळी खोक्यातच ठेवते, कागदासकट. मैत्रिणींनी परीक्षेसाठी मागितली तर साफ नाही म्हणते. ही गोळी इथे चिठ्ठीवरच मिळते आणि आपली दुसऱ्याला पुरवणं कायद्यात बसत नाही. अंगावर कधी पुरळ आलं तर काय करायचं, ते तिच्या फोनमध्ये लिहिलेलं आहे. गर्भनिरोधाबद्दल डॉक्टर बोलले, तेव्हा तिची आई स्वतःहून खोलीबाहेर गेली. त्या आईचं आम्हांला फार कौतुक वाटलं. भारतात जाताना ती गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ खोक्यात, चिठ्ठीच्या प्रतीसकट नेते, आणि दुबईमार्गे जायचं असेल तर तिथले नियम आधी बघून घेते. काही देशांत हे औषध फार कडक यादीत आहे. अमेरिकेतसुद्धा ते नियंत्रित औषधांतच मोडतं.

राहता राहिली गाडी. हॅरोत गाडी म्हणजे पाय. ईलिंग रोडची भाजी, डॉलिस हिलचं मंडळ, मुलाचं घर, सगळं तिच्यावर. जीपींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, झोप आटोक्यात येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. दुखणं मध्यम किंवा तीव्र असून दिवसा झोप येत असेल, तर डीव्हीएलएला कळवावंच लागतं, नार्कोलेप्सीतही कळवावं लागतं. न कळवल्यास हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अपघात झालाच तर पुढचं सांगायला नको. आमच्या बऱ्याच स्नेह्यांनी खाजगीत सल्ला दिला, "कशाला कळवता? लायसन्स जाईल." जात नाही. उपचाराने झोप ताब्यात आली आणि तज्ज्ञांनी तसं सांगितलं, की पुन्हा चालवता येते. आमच्या घोरणाऱ्याला जुलै २०२३ मध्ये परवानगीचं पत्र आलं. तोवर सहा-सात महिने आम्ही १८२ नंबरच्या बसने वेम्बलीला जात होतो, आणि ऐकणारीने वीस वर्षं पर्समध्ये पडून असलेलं लायसन्स बाहेर काढून चार धडे नव्याने घेतले. आता ती चालवते आणि हा शेजारी बसून सूचना देतो. झोपत होता तेच बरं होतं, असं कधी कधी वाटतं.

गोळी घेतली म्हणजे गाडी चालवायला मोकळे, हा तर सगळ्यांत घातक समज. गोळी डोळे उघडे ठेवते, श्वास उघडा ठेवत नाही. तिचा अंमल उतरला की झोप सूड घ्यायला परत येते. नार्कोलेप्सीत कधी डेक्सॅम्फेटामिन देतात. त्यांनी २०१५ चा कायदा लक्षात ठेवावा: रक्तातल्या प्रमाणाला मर्यादा आहे, आणि औषध डॉक्टरांनी लिहून दिलंय, सांगितल्याप्रमाणेच घेतलंय, हे दाखवता आलं पाहिजे. एवढंही करून चालवण्यावर परिणाम होत असेल तर गुन्हा तो गुन्हाच.

फेब्रुवारी २००१ मध्ये यॉर्कशरमध्ये सेल्बीजवळ ग्रेट हेक इथे काय झालं, ते अनेकांना आठवत असेल. रात्रभर जागलेला एक माणूस पहाटे गाडी घेऊन निघाला, एम ६२ वर त्याचा डोळा लागला, गाडी उतारावरून खाली रुळांवर गेली आणि तिच्यावर आगगाडी आदळली. दहा माणसं गेली, त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. केंटन रोडवरची ती व्हॅन आठवली की आम्हांला हटकून ग्रेट हेक आठवतं.

नात जून २०२३ मध्ये जन्मली. आजोबांच्या मुखवट्याची तिला अजिबात भीती वाटत नाही, तो काढून स्वतःच्या नाकाला लावते. वीस गोळ्यांपैकी सात पोटात गेल्या होत्या. उरलेल्या तेरा आम्ही फार्मसिस्ट बाईंना नेऊन दिल्या. नको असलेली औषधं इथली दुकानं परत घेतात, कचऱ्यात किंवा संडासात टाकू नयेत. बाईंनी त्या मोजल्या आणि आमच्यासमोर डब्यात टाकल्या.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुझं वय वेगळं. आम्हांला काही होत नाही." पुण्यातसुद्धा ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच द्यायची असते, हे त्याला माहीत आहे आणि दुकानदारालाही. अलीकडे फोन केला की तो हवापाण्याच्या गोष्टी काढतो. घोरतो का, हे आम्ही त्याच्या बायकोला विचारलं. ती नुसती हसली. डिसेंबरात आम्ही पुण्याला जाणार आहोत, एपवर्थचे दोन कोरे कागद बॅगेत टाकले आहेत. एक त्याला, एक तिला.